मेटलर्जी-आर्किटेक्चर: काम सोलापुरात, पदवी परगावी

सोलापूरच्या मुलानं मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, किंवा आर्किटेक्चर घ्यायचं म्हटलं की घरात आधी होस्टेलच्या खर्चाची चर्चा सुरू होते. या दोन्ही शाखा इथल्या लोकांना वर्षानुवर्षं परगावच्याच वाटत आल्या. आसपासचा मुलूख पाहिला तर हे चमत्कारिक आहे. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, मग परांड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि तिथून विजापूरला गेली. तांबं आणि कथलाचं हे ओतकाम सुमारे ५५ टनांचं. त्याच विजापुरात १६५६ च्या सुमारास गोलघुमट उभा राहिला. तो बांधणारा याकूत हा दाभोळचा असल्याचं सांगतात. घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत आधाराला एकही खांब नाही.

कसब होतं, पण शाळा उघडल्या त्या सरकारला हव्या होत्या त्या विषयांच्या. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो रस्ते, कालवे, पूल, रेल्वे यांच्या कामावर हाताखालची माणसं मिळावीत म्हणून. तेव्हा सिव्हिलचं बस्तान आधी बसलं. आर्किटेक्चर या वाटेनं आलंच नाही. ते मुंबईत, १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, चित्रकला आणि शिल्पकलेच्या शेजारी वाढलं. १८९६ साली तिथं नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग होता, आणि १९१३ पासून रीतसर अभ्यासक्रम. आजही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा वेगळी, परिषद वेगळी आणि अभ्यासक्रम चारऐवजी पाच वर्षांचा, त्याचं मूळ माझ्या मते या वेगळ्या बिऱ्हाडात आहे. १९७२ च्या कायद्यानंतर तर नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवताही येत नाही. मेटलर्जिस्टला असं कुठलंच बंधन नाही.

मेटलर्जीला आणखी उशीर झाला. टाटांच्या साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) कारखान्यातून पोलाद निघालं १९१२ साली. मोठ्या प्रमाणावर पोलादच बनत नव्हतं तोवर त्याचा पदवीधर कुणाला हवा होता? बनारस हिंदू विद्यापीठात १९२३ साली हा विषय सुरू झाला, आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात यायला १९४८ उजाडलं.

या काळात सोलापूर काय करत होतं? कापड विणत होतं. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी मिल निघाली, पाठोपाठ आणखी गिरण्या. यंत्रं इंग्लंडहून यायची. गावाला हवे होते माग चालवणारे, फिटर, जॉबर म्हणजे मुकादम. धातू का झिजतो, का मोडतो, हे शोधणाऱ्या माणसाला गिरणीत खुर्ची नव्हती.

एक उदाहरण मात्र चित्रकलेची आणि धातूची, दोन्ही बाजू जोडणारं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे ती सुटली, पण यांत्रिक ड्रॉइंग त्यांनी पक्कं केलं आणि पुढे मुंबईच्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं. नंतर बिडाचे (ओतीव लोखंडाचे) नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी. किर्लोस्कर समूहाची फाउंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, आज सोलापुरातही आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघालं. पण फीवर चालणाऱ्या कॉलेजांचा ओढा राज्यभर मागणीच्या शाखांकडेच राहिला. भट्ट्या आणि सूक्ष्मदर्शकांचा खर्च करून, मुलं येतील की नाही याची खात्री नसलेली मेटलर्जी कोण घेणार?

गंमत म्हणजे त्यानंतरच सोलापुरात या ज्ञानाची खरी गरज वाढली. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथं मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट ओतते, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे, ‘कॅम’ नावाचे उंचवटे असलेले दांडे. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमशाफ्टमध्ये साच्यात ठरावीक जागी लोखंडी ‘चिल’ बसवतात. त्याला टेकलेला रस झपाट्यानं थंड होतो, कार्बन ग्रॅफाइट होऊन सुटा न पडता कार्बाइडमध्ये अडकतो आणि कॅमचा पृष्ठभाग कठीण होतो. आतलं बीड तुलनेनं मऊच राहतं. घराच्या स्लॅबमधली टीएमटी सळईही अशीच दोन स्वभावांची असते. रोलिंगमधून तापलेली निघताच तिच्यावर पाण्याचा मारा होतो, बाहेरची साल कडक होते, आणि गाभ्यातली उष्णता त्या सालीचा ठिसूळपणा घालवते. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत आखली गेली. अशा कामात नकाशाला जेवढं महत्त्व तेवढंच सळईच्या प्रतीला.

दोन्ही विषय एकाच आवारात शिकायचे तर महाराष्ट्रात नागपूरचं व्हीएनआयटी आहे. १९६० साली विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज म्हणून ते सुरू झालं. पण तिथंही दारं दोन आहेत: मेटलर्जीच्या बी.टेक.साठी जेईई मेनचा पहिला पेपर, आणि आर्किटेक्चरसाठी दुसरा, ज्यात ड्रॉइंगही काढावं लागतं. पुण्यात मेटलर्जीसाठी राज्याची एमएचटी-सीईटी चालते.