प्रौढ लेगो छंदिष्ट (एएफओएल)

लेगोच्या ठोकळ्यांची रचना, संग्रह आणि अभ्यास हा छंद म्हणून जोपासणारी प्रौढ व्यक्ती. छंदिष्टांच्या बोलीत तिला 'एएफओएल' म्हणतात. 'अ‍ॅडल्ट फॅन ऑफ लेगो' या शब्दांची ही आद्याक्षरे; बोलताना ती जोडून 'एफॉल' अशीही उच्चारली जातात. १९९० च्या दशकात इंटरनेटमुळे एकेकटे छंदिष्ट एकमेकांना सापडू लागले, तेव्हा ही संज्ञा रूढ झाली. त्याआधीही मोठी माणसे ठोकळे लावत होतीच, पण सहसा दार लावून.

नावात वय असले तरी खरी खूण वयाची नाही. मुलांसोबत बसून किल्ला रचणारा बाप एएफओएल असेलच असे नाही. मुले झोपल्यावर तोच किल्ला मोडून त्यातले राखाडी उतरते तुकडे वेगळ्या डब्यात टाकणारा बाप बहुधा असतो. मुलाला ठोकळ्यांतून वस्तू हवी असते. प्रौढ छंदिष्टाला ठोकळ्याचाच नाद असतो.

पूर्वपीठिका

डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. 'लेगो' हे नाव 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून घेतलेले आहे. प्लॅस्टिकचे ठोकळे १९४९ पासून निघू लागले. त्यामागची कल्पना ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांच्या 'किडिक्राफ्ट' ठोकळ्यांची होती. हे सुरुवातीचे ठोकळे आतून नुसतेच पोकळ असल्याने त्यांची पकड सैल होती. ओले कर्क यांचे पुत्र गोटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात ठोकळ्याच्या पोटात नळ्या आल्या. खालच्या ठोकळ्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये दाबून बसतात आणि रचना उलटी धरली तरी सुटत नाहीत. १९६३ पासून ठोकळे एबीएस या प्लॅस्टिकचे होऊ लागले.

प्रौढांच्या छंदाचा डोलारा त्या १९५८ वर उभा आहे, कारण तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. वीस-पंचवीस वर्षांनी माळ्यावरचा डबा खाली काढला, तर त्यातला माल निकामी झालेला नसतो. असे सांगता येईल अशी खेळणी फार थोडी आहेत.

बहुतेकांच्या लेगो-चरित्रात एक मोठे खिंडार असते. बारा-तेराव्या वर्षी ठोकळे मागे पडतात. शिक्षण, नोकरी, संसार यांत वर्षे जातात. मग कधीतरी मुलासाठी आणलेला किंवा कोणी गंमत म्हणून दिलेला एखादा संच हातात येतो. मधल्या या काळाला 'डार्क एजेस', म्हणजे अंधारयुग, असे नाव आहे. दोन अनोळखी छंदिष्ट भेटले की 'तुझे अंधारयुग केव्हा संपले?' हा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो.

मापांचे व्याकरण

या छंदात काय गोडी आहे हे बाहेरच्या माणसाला समजावण्याचा सोपा मार्ग म्हणजे मापे सांगणे. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, वरचा स्टड सोडून, ९.६ मिलिमीटर. 'प्लेट' नावाचा चपटा तुकडा ३.२ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. उंची आणि रुंदी सारखी नाही, ही पहिल्या दृष्टीला अडचण वाटते. पण पाच प्लेटांची उंची १६ मिलिमीटर होते आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटर. त्यामुळे रचनेचा एक भाग आडवा पाडून दुसऱ्या उभ्या भागात तंतोतंत बसवता येतो. या एका समीकरणावर 'स्नॉट' ही अख्खी शैली उभी आहे. 'स्टड्स नॉट ऑन टॉप', स्टड वर नसलेली रचना, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत या शब्दाचा एरवीचा अर्थ शेंबूड असा होतो आणि छंदिष्टांना तो फार आवडतो.

स्नॉटमुळे भिंत गुळगुळीत होते, अक्षरे कोरल्यासारखी उमटतात, गाडीच्या बाजूला गोलाई येते. त्यासाठी बाजूला स्टड असलेले तुकडे लागतात. त्यांतला 'हेडलाइट ब्रिक' हा तुकडा मुळात खेळातल्या मोटारीचा दिवा लावण्यासाठी होता. त्याचा बाजूचा स्टड अर्धी प्लेट, म्हणजे १.६ मिलिमीटर, आत घेतलेला असतो. त्या अर्ध्या प्लेटेच्या फरकावर मुरलेले रचनाकार तासन्‌तास घालवतात. एखाद्या तुकड्याचा त्याच्या मूळ हेतूपलीकडे चपखल वापर केला, उदाहरणार्थ मिनिफिगरच्या, म्हणजे लेगोच्या छोट्या बाहुलीच्या, हातातली वस्तू छपराच्या कडेची नक्षी म्हणून लावली, तर पाहणारा 'एनपीयू' म्हणतो: 'नाइस पार्ट यूसेज'. या वर्तुळात याहून मोठी शाबासकी क्वचितच मिळते.

मापांच्या या व्याकरणात चुकाही ठरलेल्या आहेत. ज्या जोडणीमुळे तुकड्यावर ताण येतो तिला 'इल्लीगल', बेकायदा, जोडणी म्हणतात. ठळक उदाहरण म्हणजे दोन स्टडांच्या फटीत उभी खुपसलेली प्लेट. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर, ८ मधून तो वजा केला की फट उरते ३.२ मिलिमीटरची आणि प्लेटेची जाडीही तेवढीच. कागदावर हिशेब जुळतो. प्रत्यक्षात मात्र जराही वाव न उरल्याने दोन्ही तुकडे ताणले जातात. कंपनीचे रचनाकार अधिकृत संचांत अशी जोडणी टाळतात. घरी ती करणाऱ्याला कोणी शिक्षा करत नाही, पण प्रदर्शनात कोणीतरी ती हमखास दाखवून देतो.

हिशेबाची ही हौस कंपनीलाही पुरून उरली आहे. दोन बाय चार स्टडांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे १०,२९,८१,५०० प्रकारे जोडता येतात, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. तो आकडा फक्त एकावर एक सहा मजले चढवलेल्या मनोऱ्यांचा होता. डॅनिश गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी सगळ्या रचना संगणकावर मोजल्या, तेव्हा संख्या ९१,५१,०३,७६५ भरली.

'एमओसी' आणि शुद्धतावाद

पुस्तिकेबरहुकूम बांधलेला संच हा छंदाचा उंबरठा. त्यापुढे 'एमओसी' येते: 'माय ओन क्रिएशन', स्वतःची निर्मिती. कोणी मध्ययुगीन नगरे रचतो, कोणी अवकाशयाने, कोणी चालत्या यंत्रांत रमतो. रेल्वेवाले हा वेगळाच पंथ; त्यांच्यात डबा सहा स्टड रुंद असावा की आठ, या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. 'ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन' या सामूहिक यंत्रात प्रत्येक जण आपला भाग घरी बांधून आणतो. छोटे चेंडू एका भागातून पुढच्या भागात जावेत एवढाच नियम पाळला की अनोळखी माणसांची यंत्रे एका टेबलावर साखळीने चालू लागतात.

कापायचे नाही, रंगवायचे नाही, चिकटवायचे नाही आणि दुसऱ्या कंपनीचा ठोकळा लावायचा नाही, या चार नकारांना शुद्धतावाद म्हणता येईल. त्याचे प्रमाण माणसागणिक बदलते. छापील तुकड्याऐवजी स्टिकर दिले म्हणून कंपनीवर रागावणारेही पुष्कळ आहेत. गंमत अशी की, या माध्यमातले सर्वांत प्रसिद्ध नाव शुद्धतावादी नाही. वकिली सोडून शिल्पकार झालेले अमेरिकेचे नेथन सवाया आपली शिल्पे डिंकाने पक्की करतात, कारण ती प्रदर्शनासाठी देशोदेशी न्यावी लागतात. सामान्य छंदिष्टाला हे पटत नाही. त्याची रचना पुन्हा सुटी व्हायचीच असते. पुढच्या रचनेचा माल तिच्यातच अडकलेला असतो.

सुटे भाग आणि वर्गवारी

मोठ्या रचनेला एकाच आकाराचे आणि रंगाचे शेकडो तुकडे लागतात आणि ते संच फोडून मिळत नाहीत. ही गरज ओळखून २००० मध्ये सुट्या भागांची एक ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली, तीच पुढे 'ब्रिकलिंक' म्हणून प्रसिद्ध झाली. जगभरचे लहान विक्रेते तिथे भाग क्रमांक, रंग आणि नवा-जुना या तपशिलासह माल मांडतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये लेगो कंपनीने ती विकत घेतली, तेव्हा अनेकांना आपला मोहल्ला गेल्यासारखे वाटले. (या क्षेत्रातल्या बहुतेक नावांत 'ब्रिक' का असते, याचेही कारण आहे. आपले व्यापारचिन्ह इतरांनी नावात वापरू नये यावर कंपनी कटाक्ष ठेवते.)

क्लबांत 'पार्ट्स ड्राफ्ट' नावाचा प्रकार चालतो. सगळे एकच संच विकत घेतात, फोडतात, सारखे तुकडे एकत्र करून ढिगारे लावतात आणि मग पाळीपाळीने प्रत्येक जण एक-एक ढिगारा उचलतो. पहिल्या फेरीत कोण काय उचलतो यावरून तो सध्या काय बांधतो आहे ते कळते.

राहिली वर्गवारी. नवखा माणूस रंगानुसार डबे लावतो, कारण ते दिसायला छान दिसते. लाल तुकड्यांच्या ढिगात एखादा बारीक लाल तुकडा शोधायची वेळ आली की चूक लक्षात येते. आकारानुसार लावलेल्या डब्यात हवा तो रंग चटकन डोळ्यात भरतो. रंगाकडून आकाराकडे झालेले हे संक्रमण म्हणजे छंद मुरल्याची खूण मानायला हरकत नाही. खऱ्या अर्थाने बांधण्यात जेवढा वेळ जातो त्याहून जास्त वेळ निवडण्यात जातो. त्याबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात, ते काम सोडणारा मात्र विरळा.

कागदाऐवजी पडद्यावर आराखडा करण्याची सोयही छंदिष्टांनीच निर्माण केली. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये 'एलड्रॉ' ही संगणकप्रणाली लिहिली. १९९७ मध्ये त्यांचे ऐन तारुण्यात निधन झाले, पण तिचा भागसंग्रह पुढे स्वयंसेवकांनी वाढवत नेला.

कंपनीशी नाते

प्रौढ ग्राहकांचे काय करावे हे कंपनीला बराच काळ उमगत नव्हते. माल मुलांसाठी होता, मोठ्यांची पत्रे हा उपद्रव. १९९८ मध्ये 'माइंडस्टॉर्म्स' हा प्रोग्रॅम करता येणारा संच निघाला आणि थोड्याच आठवड्यांत प्रौढ हौशींनी त्याची आतली प्रणाली उलगडून ठेवली. कोर्टात जाण्याऐवजी कंपनीने हे चालू द्यायचे ठरवले. २००६ च्या पुढच्या आवृत्तीसाठी तर तिने अशाच चार हौशींना आधीच बोलावून घेतले.

२००३ आणि २००४ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली. त्याच सुमारास राखाडी आणि तपकिरी रंगांच्या छटा बदलण्यात आल्या. मुलांना ते कळलेही नसावे. प्रौढांत मात्र हाहाकार उडाला, कारण वर्षानुवर्षे जमवलेला राखाडी साठा आता नव्या निळसर राखाडीशी जुळेना. अर्धा बांधलेला किल्ला तसाच राहिला. हा प्रसंग आजही जुन्या लोकांच्या तोंडी असतो. त्यानंतर संवादाची पद्धत बदलली. २००५ पासून क्लबांचे प्रतिनिधी 'अ‍ॅम्बॅसडर' म्हणून कंपनीशी बोलू लागले. नोंदणीकृत क्लबांना सुटे भाग घाऊक मागवण्याची सोय झाली.

२००७ मध्ये आलेला 'कॅफे कॉर्नर' हा २,०५६ तुकड्यांचा संच मोठ्यांची नजर ओळखून केलेला होता. बत्तीस बाय बत्तीस स्टडांच्या पायावर उभी असलेली ही इमारत शेजारच्या इमारतीला जोडता येते आणि तिचे मजले उचलून वेगळे होतात. त्या मालिकेत पुढे इमारतींची भर पडतच गेली. २०१७ च्या 'मिलेनियम फाल्कन' यानात ७,५४१ तुकडे होते, २०२१ च्या जगाच्या नकाशात ११,६९५. २०२० पासून अशा संचांच्या काळ्या खोक्यांवर '१८+' असे छापले जाते. आत प्रौढांनीच पाहावे असे काही नसते. हा इशारा नसून संकोच बाळगणाऱ्या गिऱ्हाइकाला दिलेले अभय आहे.

'लेगो आयडियाज' या योजनेची सुरुवात २००८ मध्ये जपानमध्ये झाली. आपल्या रचनेला १०,००० पाठिराखे मिळवले की कंपनी तिचा विचार करते. संच निघाल्यास मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. काही छंदिष्ट पुढे बिलुंडमध्ये रचनाकार म्हणून नोकरीलाच लागले. तिथे २०१७ मध्ये उघडलेल्या 'लेगो हाउस'च्या एका दालनात छंदिष्टांच्या रचना मांडल्या जातात आणि त्या वेळोवेळी बदलतात.

पैसा

विक्रीतून बाहेर पडलेले संच महाग होत जातात, त्यामुळे न उघडलेली खोकी साठवणारा एक वर्ग तयार झाला आहे. बांधणारे त्यांना आपल्यात धरत नाहीत. तरी हीच माणसे पुढे ब्रिकलिंकवरचे विक्रेते असतात, आणि दहा वर्षांपूर्वीचा एखादा गडद हिरवा तुकडा अखेर त्यांच्याकडेच मिळतो. बनावट आणि पर्यायी ठोकळ्यांचा प्रश्नही पैशाचाच आहे. मूळ पेटंट केव्हाच संपले. ठोकळ्याचा आकार हे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये दिला. कमी किमतीत तसेच ठोकळे मिळत असताना मूळच का घ्यावेत, यावर मतभेद वाढत आहेत.

साठ्याचे आयुष्य

एबीएस टिकाऊ असले तरी अमर नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळे पडतात; हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून प्रकाशात ठेवले की ते बरेचसे उजळतात, पण कालांतराने पुन्हा पिवळे पडू शकतात. लालसर तपकिरी तुकड्यांची एक पिढी ठिसूळपणासाठी बदनाम आहे: जुनी रचना सोडवताना त्यांचे काठ बोटांतच तुटतात. म्हणून मुरलेला छंदिष्ट तपकिरी छपराचे घर मोडायला घेतो तेव्हा नखाने हळू उचकटतो, बाजूला एक रिकामी वाटी ठेवतो आणि तुटलेले तुकडे तिच्यात टाकतो. ती वाटी बराच काळ कचऱ्यात जात नाही.