कंत्राटी कामगार आणि स्वतंत्र कंत्राटदार: पार्सल पोहोचवणारे दोघे कायद्याला वेगळे का दिसतात

गुहागरात किंवा देवगडात पाठीवर मोठी बॅग घेऊन दुचाकीवरून पार्सल पोहोचवणारी दोन माणसे वरकरणी एकाच नोकरीतली वाटतात. अंगात एकाच रंगाचा टी-शर्ट, हातात एकच ॲप आणि वाडीतल्या कुत्र्यांचा रोषही दोघांवर सारखाच. प्रत्यक्षात त्यांतल्या एकाला माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराने कामावर ठेवलेले असते, तर दुसऱ्याने कंपनीच्या ‘डिलिव्हरी पार्टनर’ करारावर, बहुधा मोबाईलवर बोट टेकवून, सही केलेली असते. पहिला कंत्राटी कामगार असतो, दुसरा कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार. दोघांपैकी एकाचा पाय मोडला किंवा पैसे अडकले, की या फरकाची किंमत कळते.

कंत्राटी कामगाराला मालक असतो, आणि तो म्हणजे ठेकेदार. पूर्वी या नात्याचे नियमन १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे) लागू झाल्यावर त्यातील तरतुदी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत गेल्या आहेत. पन्नास किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तर त्या लागू होतात, आणि ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्यासाठी काम चालते त्या कंपनीवर येते. तालुक्याच्या एखाद्या गोदामात पन्नास माणसे क्वचितच असतात. पण एकच ठेकेदार चार तालुक्यांत माणसे पुरवत असेल तर आकडा त्याच्या एकूण माणसांचा धरावा लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. किमान वेतन आणि वेळेवर पगार यांना तर संख्येची अटच नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, आणि काम सुटले तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे.

स्वतंत्र कंत्राटदाराला पगार नसतो, बिल असते. पार्सलमागे ठरलेला दर, आणि त्यातूनच पेट्रोल, टायर, मोबाईलचा रिचार्ज. कोकणात हा दर फार बोचतो, कारण इथे गाव एक असले तरी वरचीवाडी आणि खालचीवाडी यांच्यात चढ, पऱ्या (ओढा) आणि तीन किलोमीटर रस्ता असू शकतो. पत्त्यावर घरक्रमांक नसतो, ‘देवळामागे, कातळावर’ एवढेच लिहिलेले असते, आणि नेमके तिथेच नेटवर्क जाते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाणाऱ्याने गाडीसह तिकीट काढले तर ते कोणाच्या खिशातून, याचे उत्तर करारात शोधावे लागते. कामगाराच्या बाबतीत वाहनखर्चाचा बोजा टाकून त्याच्या हाती किमान वेतनापेक्षा कमी पडत असेल तर तक्रारीला जागा असते. कंत्राटदाराच्या बाबतीत तो त्याच्या धंद्याचा खर्च समजला जातो.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती कपातीवरून. पावसात भिजलेले पार्सल, सीओडीच्या, म्हणजे पार्सल देताना ग्राहकाकडून घेतलेल्या, रोकडीत आलेली तूट, ‘मिळालेच नाही’ म्हणणारा ग्राहक. कामगाराच्या पगारातून नुकसानीपोटी पैसे कापायचे असतील तर वेतन संहितेनुसार आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, नुकसानीपेक्षा अधिक रक्कम कापता येत नाही, आणि सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. कंत्राटदाराच्या बिलाला यातला एकही बांध नाही. आठवड्याच्या विवरणात ‘शॉर्टेज’ अशी एक ओळ येते आणि रक्कम गेलेली असते. दाद मागायची तर करारभंगाचा दावा किंवा करारातील लवाद, तोही बहुधा मुंबई किंवा बंगळूरला.

अपघाताचेही असेच. कामावर असताना कामगार जखमी झाला तर चूक कोणाची हे न पाहता मालक भरपाई देणे लागतो, किंवा कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर तिथून लाभ मिळतो. पार्टनरला सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’, म्हणजे मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा, म्हणून स्वतंत्र जागा दिली आहे. मालवाहतूक सेवा देणाऱ्या ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून ग्राहक आणि काम करणारा यांना जोडणाऱ्या, कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण अशा कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधीत भरायचे आणि त्यातून अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांच्या योजना आखायच्या, अशी ती रचना आहे. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. एक ठराविक मालक नसलेल्या हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ आणि लेव्ही (काम करवून घेणाऱ्याने मंडळाकडे भरायची रक्कम) आणली होती. पण माथाडी मंडळ मजुरीचाही हिशेब ठेवते. गिग कामगाराला किमान वेतन, कामाचे तास किंवा भरपगारी रजा यांपैकी काहीच या संहितेने दिलेले नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तिथेच आहे.

या दोघांच्या मध्ये कोकणात तिसरा माणूस उभा असतो, आणि तो बहुधा स्वतःची बाजू ओळखत नाही. कुरिअर कंपनीची फ्रँचायझी घेऊन बाजारपेठेत गाळा भाड्याने घेणारा आणि गणपतीच्या आधी चाकरमान्यांची पार्सले वाढली की ओळखीची चार मुले कामाला लावणारा हा माणूस कंपनीच्या दृष्टीने स्वतंत्र कंत्राटदार असतो, पण त्या मुलांचा तो मालक असतो. मुलांना तोंडी बोलीवर ठेवले म्हणून किमान वेतनाची जबाबदारी टळत नाही. कंपनीने त्याचे बिल दोन महिने थकवले, ही त्याची अडचण खरी. मुलांचा पगार थांबवण्याला ते कायदेशीर कारण नव्हे.

करारात ‘स्वतंत्र’ लिहिले म्हणजे विषय संपला असेही नाही. १९५६ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरांवर मीठ पिकवणाऱ्या आगरियांना सर्वोच्च न्यायालयाने कामगार ठरवले, ते तयार मालाच्या प्रमाणात मोबदला घेत आणि स्वतः मदतनीस लावत असूनही, कारण कामाच्या पद्धतीवर कंपनीचे नियंत्रण होते. १९७८ साली केरळातील दोरखंडाच्या कारखान्याच्या हुसेनभाई खटल्यात त्याच न्यायालयाने मधल्या ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून उपजीविकेवर आर्थिक ताबा कोणाचा, हे पाहिले. अमेरिकेत २०१४ साली फेडेक्स ग्राउंडच्या कॅलिफोर्नियातील चालकांना अपील न्यायालयाने नोकर ठरवले, तेही गणवेशापासून गाडीच्या रंगापर्यंत कंपनीच ठरवत होती म्हणून.

तेव्हा पार्टनर म्हणून काम करणाऱ्याने पुरावा या दृष्टीने जपावा. हजेरीची वेळ सांगणारे व्हॉट्सॲप संदेश, रूट नाकारल्यावर बंद झालेल्या आयडीचा स्क्रीनशॉट, दुसऱ्या कंपनीचे काम करू नये अशी ताकीद, हे सारे नियंत्रणाचे पुरावे आहेत. आयडी बंद झाला की ॲपमधील जुनी विवरणेही दिसेनाशी होतात, म्हणून ती दर आठवड्याला उतरवून घ्यावीत. दुचाकीची पॉलिसी केवळ खासगी वापराची असेल तर विमा कंपनी पार्सलच्या फेरीतील नुकसानीला हरकत घेऊ शकते, तेही आधीच विचारून घ्यावे. ठेकेदाराकडील कामगाराचे काम सोपे आहे: ओळखपत्र, पगाराची पावती आणि बँकेचे पासबुक घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करावा, आणि अर्जात ठेकेदाराबरोबर मुख्य कंपनीचेही नाव घालावे.