प्रायमरी आणि सेकंडरी कंट्रोल: मायक्रोग्रिडची फ्रिक्वेन्सी नेमकं कोण सांभाळतं?

मायक्रोग्रिड म्हणजे स्वतःचे वीजस्रोत असलेलं, मुख्य ग्रिडपासून वेगळंही चालू शकणारं छोटं वीजजाळं. त्याच्या कंट्रोलचे तीन थर असतात: प्रायमरी, सेकंडरी आणि टर्शरी. तिसऱ्याबद्दल फारसा गोंधळ होत नाही. बॅटरी कधी भरायची, मुख्य ग्रिडकडून वीज कधी घ्यायची, हा त्याचा मिनिटा-तासांचा हिशेब. घोटाळा होतो तो पहिल्या दोघांत, कारण दोघांबद्दलही 'फ्रिक्वेन्सी सांभाळतात' असंच शिकवलं जातं. प्रायमरीच्या बाबतीत हे मला मुळीच पटत नाही. प्रायमरी फ्रिक्वेन्सी मुद्दाम घसरू देते, आणि त्या घसरणीतूनच भार वाटून घेते.

मुख्य ग्रिडपासून वेगळे चालणारे दोन इन्व्हर्टर (डीसी विजेची एसी करणारी यंत्रं) घ्या, एक १० किलोवॉटचा, दुसरा ५ चा. दोघांना नियम एकच: भार शून्य असताना ५० हर्ट्झ, पूर्ण भाराला ४९, मधे सरळ उतार. हाच ड्रूप. आता ९ किलोवॉटचा लोड लागला. ज्याच्यावर वाट्यापेक्षा जास्त भार येतो त्याची फ्रिक्वेन्सी किंचित खाली जाते, त्याचा फेज (लहरीची वेळ) मागे पडतो आणि जास्तीचा भार दुसऱ्याकडे सरकतो. दोघं ४९.४ हर्ट्झला स्थिरावतात तेव्हा मोठा ६ आणि छोटा ३ किलोवॉट देत असतो. दोघंही आपापल्या क्षमतेच्या ६० टक्क्यांवर. यासाठी कुणी कुणाला निरोप पाठवलेला नसतो. मधे कम्युनिकेशन केबलसुद्धा नसते. १९९३ मध्ये चांदोरकर, दिवाण आणि अडापा यांनी समांतर इन्व्हर्टरसाठी ही पद्धत मांडली, आणि मला ती आजही फार सुंदर वाटते.

राहिली ०.६ हर्ट्झची तूट. ती भरून काढणं हे सेकंडरीचं काम. ती दोन्ही उतार सारखेच ०.६ ने वर उचलते, म्हणजे शून्य भाराचा बिंदू ५०.६ वर जातो. मीटरवर आकडा काही सेकंदांत ४९.४ वरून सावकाश ५० वर येतो. वाटणी मात्र ६ आणि ३ च राहते.

'मग प्रत्येक इन्व्हर्टरने स्वतःच ही दुरुस्ती करावी की!' असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. दोघांच्या मोजमापात केसाएवढा फरक असतोच. इंटिग्रेटर, म्हणजे चुकीची सतत बेरीज करत दुरुस्ती काढणारा कंट्रोलचा भाग, तो फरक साठवत जातो. एक वर चढवत राहतो, दुसरा खाली ओढत राहतो आणि वाटणी विस्कटते. म्हणून दुरुस्ती एकच काढून सगळ्यांना पाठवावी लागते, किंवा शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आपसात जुळवावी लागते. त्यामुळे प्रायमरीला न लागणारं कम्युनिकेशन सेकंडरीला लागतंच.

व्होल्टेजचं गणित इतकं सरळ नाही. त्यालाही असाच ड्रूप लावतात, पण तो रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता स्रोत आणि लोड यांच्यात ये-जा करणारी पॉवर) वाटण्यासाठी. स्थिरावल्यावर फ्रिक्वेन्सी सगळीकडे एकच असते, व्होल्टेज मात्र तारेच्या लांबीप्रमाणे जागोजागी बदलतं. त्यामुळे या ड्रूपने रिअॅक्टिव्ह पॉवरची वाटणी अचूक होत नाही. सेकंडरीने प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज नेमक्या आकड्यावर आणायचं ठरवलं, तर ती वाटणी हातची जाते. दोन्ही एकदम पूर्णपणे मिळत नाहीत.

दोघांतला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर चाचणीच्या वेळी कम्युनिकेशनची केबल काढा. दिवे चालू राहतात, भारही वाटला जातो. प्रायमरी जागेवर असते. पण शेवटची ०.६ ची दुरुस्ती तशीच गोठली आणि लोड निघून गेला, तर फ्रिक्वेन्सी ५०.६ वर जाऊन बसते. संपर्क तुटल्यावर ती दुरुस्ती तशीच धरून ठेवायची की हळूहळू शून्यावर आणायची, हे सेटिंग पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.