रुंद टायर वेगळा, बाहेर आलेलं चाक वेगळं

माझ्या भाच्याने मुंबईहून एक सेकंडहँड गाडी आणली, दोन सीटची, छत उघडणारी, रिअर व्हील ड्राइव्ह, कॉलेजपासूनचं स्वप्न होतं त्याचं. आणली आणि महिन्याभरात पहिलं काम काय केलं तर मागची चाकं बदलली. कामून बदलली विचारलं तर म्हणला, "मामा, टायर रुंद केले, आता ग्रिप बगा." मी खाली बसून टायरच्या बगलेवरचा नंबर वाचला, २५५/३५ आर१८. कंपनीच्या टायरवर पण हाच नंबर होता. म्हणजे टायर रुंद झालाच नव्हता, चाक बाहेर आलं होतं. मागून बघितलं की दोन्ही सारखंच दिसतं ना, गाडी रुंद बसल्यासारखी वाटते, म्हणून हा घोटाळा होतो आणि चांगले चांगले लोक यात पैसे घालतात.

तर आधी रुंदी. टायरवरचा २५५ म्हणजे टायर फुगवल्यावर एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतचं माप, मिलिमीटरमधे, आणि ते पण ठरलेल्या मापाच्या रिमवर बसवून घेतलेलं. रस्त्याला टेकतो तो पट्टा याच्यापेक्षा कमीच असतो. ३५ म्हणजे बगलेची उंची, रुंदीच्या ३५ टक्के, आणि आर१८ मधले १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. रिमची रुंदी वेगळी, ती इंचात लिहितात, ८.५जे, ९.५जे अशी, आणि हे माप टायर जिथं बसतो तिथलं आतलं असतं, बाहेरचे काठ धरून नाही. काठाबरोबर टेप लावली तर ८.५ ची रिम साधारण साडेनऊ इंच भरते, आणि मग दुकानात बसून लोक भांडायलेत की रिमवर चुकीचं छापलंय. रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर साधारण ५ मिलिमीटर पसरतो. भाच्याने ८.५ वरून ९.५ केली म्हणजे टायर १० मिलिमीटर पसरला, बस. तो पण बगलेला पसरला, जमिनीवरचा पट्टा जवळपास तेवढाच राहिला.

आता ऑफसेट. रिम उभी कापली असं समजा, तिच्या बरोबर मधोमध एक रेघ मारा. हबला, म्हणजे गाडीच्या ज्या तबकडीवर चाक आवळतात तिला, टेकणारी सपाट जागा त्या रेघेपासून किती मिलिमीटर लांब आहे तो ऑफसेट. रिमवर ईटी ४० असं लिहिलेलं असतं, ईटी हा जर्मन शब्दाचा शॉर्टफॉर्म आहे, काही जर्मन रिमवर त्याच्या जागी आयएस पण सापडतं, बहुतेक स्पोकच्या मागच्या बाजूला, चिखल पुसून बघावं लागतं. आकडा जेवढा मोठा तेवढं चाक आत, आकडा लहान झाला की चाक बाहेर. इथंच लोक उलटं धरतात, त्यांना वाटतं मोठा ईटी म्हणजे जास्त बाहेर.

भाच्याचा हिशेब मी त्याच्यासमोर वहीवर करून दाखवला. जुनी रिम ८.५जे ईटी ४०, नवीन ९.५जे ईटी २२. एक इंच रुंदी वाढली म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यातली निम्मी १२.७ बाहेर गेली आणि निम्मी १२.७ आत. आता ईटी १८ ने कमी झाला, म्हणजे अख्खं चाक १८ मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरचा काठ १२.७ अधिक १८, म्हणजे ३०.७ मिलिमीटर बाहेर. आतला काठ १२.७ ने आत जायला पाहिजे होता पण १८ बाहेर ओढला गेला, म्हणजे उलट ५.३ मिलिमीटर बाहेरच आला. आत मोकळी जागा पडून राहिली आणि बाहेर मडगार्डच्या काठावर सगळी गर्दी. हिशेब बघून तो लई वेळ काही बोललाच नाही, दुकानात त्याला कोणी ईटीचा उच्चार पण केला नव्हता, फक्त "एक इंच रुंद आहे साहेब" एवढंच सांगितलं होतं.

आणि हे आपल्याकडं व्हावं याचं मला वाईट वाटतं. संभाजीनगरात शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, २०१० साली याच शहरात लोकांनी एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, गाड्यांची समज असलेलं गाव आहे हे, तरी रिम विकत घेताना माणूस डिझाइन आणि इंच बघतो आणि मागचा आकडा कोणी वाचत नाही.

मग जालन्याहून येताना एकदा त्याचा फोन, "मामा, मागून कायतरी घासायलंय, वास पण यायलाय." दोघं बसलेले, डिकीत सामान, आणि पुलाच्या जोडावरचा खड्डा वेगात गेला. गाडी घरी आल्यावर बघितलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल फिरून एक चिरा गेलेला, नखाएवढ्या रबराच्या सळया निघून लटकत होत्या, हाताला चिकटत होत्या. मडगार्डच्या आत वळवलेला पत्र्याचा काठ असतो ना, तो सुरीसारखा चालला होता, तिथला रंग जाऊन पत्रा चकचकीत झालेला. बोट फिरवलं तर रबराच्या आतला दोरा लागला नाही, नशीब. खांद्याजवळ आणि बगलेत तो दोरा कापला गेला की टायर संपला, पॅच पण चालत नाही तिथं.

हे झालं घासण्याचं, ते दिसतं तरी. न दिसणारं जास्त आहे. चाक बाहेर सरकलं की वजन हबच्या बेअरिंगपासून लांब पडतं, बेअरिंगवर पिळा वाढतो. सस्पेन्शनचा दांडा लांब झाल्यासारखं होतं म्हणून तीच स्प्रिंग मऊ वाटायला लागते. पुढच्या चाकाला केलं तर अजून वेगळं, स्टिअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीला जिथं टेकते आणि टायरचा मध्य जिथं टेकतो त्यातलं अंतर बदलतं, मग खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातातून ओढून घेतल्यासारखं होतं, आणि एक चाक कडेच्या मातीवर नि दुसरं डांबरावर असताना ब्रेक मारला तर गाडी एका बाजूला पळते. आपल्या बीड-धाराशिव बाजूला काळ्या मातीत रस्त्याच्या कडा खचलेल्या असतात तिथं हे रोजचं आहे. फायदा काहीच नाही असं मी म्हणणार नाही, दोन चाकांतलं अंतर वाढतं, भाच्याच्या गाडीचं ३६ मिलिमीटर वाढलं, वळणावर वजन बाहेरच्या चाकावर थोडं कमी पडतं. पण तो फायदा ऑफसेटचा आहे, रुंद टायरचा नाही.

रुंद टायरचा फायदा काय असतो मग? लोक म्हणतात जास्त रबर जमिनीला टेकतं. तसं नसतं बरं का. त्याच्या गाडीचं एका चाकावर साधारण ३७५ किलो वजन धरा, हवा ३४ पीएसआय, तर टेकणारा भाग अंदाजे १५५ ते १६० चौरस सेंटिमीटर येतो, टायर २२५ असो का २५५, वजन आणि हवा तीच तर क्षेत्रफळ जवळपास तेच, बगलेच्या ताठपणाने थोडं इकडंतिकडं होईल. बदलतो तो आकार. बारीक टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड. वळणावर हा आडवा ठसा लवकर उत्तर देतो, आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते म्हणून जास्त सॉफ्ट कंपाउंड, म्हणजे मऊ मिश्रणाचं रबर, चालवता येतं, खरी ग्रिप त्या कंपाउंडमधे असते. आणि पावसात हाच आडवा ठसा नडतो, समोरचं पाणी बाजूला ढकलायला जास्त लागतं, टायर पाण्यावर लवकर चढतो. ऊस निघाला की ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, त्यावर नुसतं दव पडलं तरी साबण होतो, तिथं मला २२५ चालेल पण २७५ नको.

टोयोटाने २०१२ साली जीटी८६ आणली, रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार, टायर दिले २१५/४५ आर१७, ७जे रिमवर, ईटी ४८. मुद्दाम दिले, गाडी हातात बोलली पाहिजे म्हणून. आणि दुसऱ्या टोकाला पोर्शे ९११ ची ९९२ पिढीतली कॅरेरा एस बघा, मागं ३०५/३० झेडआर२१, रिम ११.५जे, आणि ऑफसेट ईटी ६७. एवढा रुंद टायर आणि एवढा मोठा ईटी. म्हणजे त्यांनी रुंदी घेतली ती बरीचशी आतल्या बाजूला घेतली, सस्पेन्शन आणि मडगार्ड त्या मापानेच बनवलं. रुंदी आणि ऑफसेट वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला मला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

स्पेसरचं पण इथंच सांगतो. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामधे घालायची चकती. १५ मिलिमीटरचा स्पेसर टाकणे म्हणजे ईटी १५ ने कमी करणे, तेवढंच, रुंदी एक मिलिमीटर पण वाढत नाही. आणि ज्या गाड्यांना नट नसून बोल्ट असतात त्यांना बोल्ट पण तेवढेच लांब लागतात, जुने बोल्ट वापरले तर दोन-तीन आट्यांवर चाक लटकतं, हे बघून माझ्या अंगावर काटा येतो. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, आणि मधलं भोक तर जुळलंच पाहिजे, त्यात चर्चा नाही.

मोजायचं कसं? चाक काढून उपडं ठेवा, आतल्या काठावर एक सरळ लाकडी पट्टी आडवी टाका, आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंत स्केल घाला. ८.५जे ईटी ४० ला साधारण १६० मिलिमीटर येतं. मग चाक गाडीवर लावून आत शॉकअप, लिंक, आतलं प्लास्टिक यांच्यापासून किती जागा आहे आणि बाहेर मडगार्डच्या काठापर्यंत किती आहे ते बघा, पण गाडी जॅकवर लटकलेली असताना नाही, चाकावर वजन देऊन आणि मागं दोन माणसांएवढं ओझं टाकून. पुढच्या चाकाला स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघायचं. आणि टायरची एकूण उंची कंपनीच्या जवळ ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर आणि एबीएस दोघांचा हिशेब हलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे कंपनीच्या मापाबाहेर गाडीत बदल करण्यावर बंधन आहे, मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक पोलिसाला लांबून दिसतं, त्यामुळं तिकडून पण विचार करा.

उन्हाळ्याचं एक. तापमान ५-६ डिग्री वाढलं की टायरची हवा साधारण १ पीएसआय वाढते. मे महिन्यात समृद्धीच्या काँक्रीटवर दुपारी टायर चांगलाच तापतो, ४-५ पीएसआय सहज चढते, म्हणून हवा सकाळी थंड टायरवर बघायची, गरम टायरमधून हवा सोडायची नाही. २५५/३५ ची बगल फक्त ८९ मिलिमीटर उंच असते, हवा कमी असली तर खड्ड्यात रिमचा काठ थेट बगलेला चिमटा काढतो.

भाच्याने ती ९.५ ची जोडी विकली, थोडं नुकसान सोसलं. आता मागं ९जे ईटी ३८ आहे, त्यावर २६५/३५ आर१८. कंपनीच्या रिमपेक्षा बाहेर ८.३५ मिलिमीटर, आत ४.३५ मिलिमीटर, उंची एक टक्क्याच्या आसपास वाढली, आणि यावेळेस टायर खरंच रुंद झाला. मडगार्डच्या आतल्या काठाला आम्ही पांढऱ्या खडूची रेघ मारली आणि दोघं बसून, डिकी भरून, जालन्याला जाऊन आलो, त्याच पुलावरून. परत आल्यावर तो मोबाइलची बॅटरी लावून खाली घुसला आणि तिथूनच ओरडला, "मामा, खडू तसाच हाय."