थंड हवेच्या बागेत पाम टिकेल का? पहिल्या हिवाळ्यात असं तपासा

पाम घेताना जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "हा उणे किती सोसेल?" विंडमिल पाम साधारण उणे १२ ते १५ अंशांपर्यंत तग धरतो, नीडल पाम उणे २० पर्यंतही. कॅनरी खजूर मात्र उणे ८ च्या आसपासच मान टाकतो. पण हे आकडे मुळं धरलेल्या, जाणत्या झाडांचे आणि काही तासांच्या गारठ्याचे आहेत. दिवसाही न ओसरणारी आठवडाभराची गोठवणारी थंडी एका रात्रीच्या कडाक्यापेक्षा पुष्कळदा जास्त नुकसान करते. त्यात जमीन ओली असेल तर विचारूच नका.

म्हणून सुरुवातीलाच मोठं, महागडं झाड लावू नका, असं आम्ही आग्रहानं सांगतो. एकाच जातीची तीन रोपं वसंतात लावा: एक दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगत, एक उघड्यावर, एक मोठ्या झाडाच्या आडोशाला. पाण्याचा निचरा तिन्हीकडे चांगला हवा. प्रत्येक रोपाच्या कोंबाच्या उंचीवर किमान-कमाल थर्मामीटर टांगा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जमिनीलगत साचते, त्यामुळे हवामान खात्याचा आकडा तुमच्या वाफ्याला लागू पडेलच असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पामच्या खोडाला टोकाशी एकच कोंब असतो. तो मेला की ते खोड संपलं. युरोपियन फॅन पामसारखे बेटानं वाढणारे पाम बुडातून पुन्हा फुटू शकतात, विंडमिल पाम तसा फुटत नाही. तेव्हा करपलेली पानं पाहून घाबरू नका, मधल्या न उलगडलेल्या पानाच्या सुरळीवर नजर ठेवा. सुरळी आणि शेजारच्या पानाचा देठ यांच्यावर मार्करनं एक सलग आडवी रेघ ओढा. ऊब आल्यावर सुरळीवरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकली, अगदी ५ मिलिमीटर का होईना, तर कोंब जिवंत आहे.

हलकेच ओढल्यावर सुरळी हातात आली आणि बुडाशी तपकिरी, आंबूस वासाचा लगदा दिसला, तर कोंबकूज लागली आहे. तरीही रोप उपटू नका. कुजलेला भाग काढा, आत पावसाचं पाणी जाऊ देऊ नका, ताम्रयुक्त बुरशीनाशक एकदा वापरा आणि उन्हाळा संपेपर्यंत थांबा. आमच्याकडच्या एका विंडमिल पामची सुरळी हिवाळा सरताना अशीच निघून आली होती. भर उन्हाळ्यात त्याच खळग्यातून कातरल्यासारखं, आखूड, पण हिरवंगार पान वर आलं.

बुडाशी पाचोळ्याचा जाड थर आणि डोक्यावर पाऊस अडवणारं छप्पर, एवढं संरक्षण बहुधा पुरतं. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडून कूज वाढते. आणि उघड्यावरचं रोप मात्र खरोखरच उघडं ठेवा. जीव तुटतो, पण जात किती सोसते ते त्याच्यावरूनच कळतं.

तारीख, किमान तापमान, गोठवणारी थंडी किती वेळ टिकली, पानं कधी करपली, हे सगळं वहीत लिहा. करपणं कधी कधी काही आठवड्यांनी दिसतं, म्हणून नोंदी मध्येच थांबवू नका. पुढच्या वसंतात वही घेऊन या, मोठं झाड कुठलं आणि कुठे लावायचं ते आपण तिच्यावरून ठरवू.