एजीआय की फंक-ओडीबीसी? कॉल कुठे पाठवायचा हे डेटाबेसला विचारण्याचे दोन मार्ग

अ‍ॅस्टेरिस्कवर (टेलिफोन एक्स्चेंजचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) फोनव्यवस्था चालवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: आलेला कॉल डेटाबेस पाहून वळवायचा आहे, तर एजीआय (अ‍ॅस्टेरिस्क गेटवे इंटरफेस) स्क्रिप्ट लिहायची की फंक-ओडीबीसी हे त्याचेच मॉड्यूल वापरायचे? शोधाशोध केली की दोन्हींची उदाहरणे एकाच पंगतीला बसलेली दिसतात. मग वाटते, हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला आहे. पीएचपी ही भाषा येत असेल तर हे, नसेल तर ते. तसे नाही. फंक-ओडीबीसीमध्ये अ‍ॅस्टेरिस्क डेटाबेसला एक प्रश्न विचारतो आणि उत्तर घेऊन स्वतःच पुढे निघतो. एजीआयमध्ये तो चालू कॉलचा ताबा दुसऱ्या प्रोग्रामकडे देतो आणि तो परत मिळेपर्यंत थांबतो. डेटाबेसशी एजीआयचा मुळात काही संबंध नाही. स्क्रिप्टने डेटाबेस उघडला तर उघडला.

एक उदाहरण धरून चालू. समजा, नाशिकची एक ठिबक सिंचनाची कंपनी आहे. शेतकऱ्याचा फोन आला की त्याचा नंबर टेबलात शोधायचा, त्याच्या तालुक्याचा प्रतिनिधी कोण ते पाहायचे आणि कॉल थेट त्याच्या एक्स्टेन्शनवर (अंतर्गत नंबरवर) द्यायचा. नंबर सापडला नाही तर कॉल सर्वसाधारण क्यूमध्ये (प्रतीक्षेच्या रांगेत).

दोन्ही मार्गांना लागू असलेली एक गोष्ट आधीच उरकून टाकू. आपल्याकडे कॉलरचा नंबर एका लाइनवर नुसता दहा आकडी येतो, दुसरीवर सुरुवातीला शून्य लावून, तिसरीवर अधिक एक्याण्णवसह. टेबलात मात्र तो एकाच रूपात असतो. म्हणून शोध घेण्याआधी डायलप्लॅनमध्येच (कॉलचे काय करायचे ते सांगणाऱ्या नियमांत) शेवटचे १० आकडे कापून घ्यावेत. 'क्वेरी बरोबर आहे तरी रेकॉर्ड सापडत नाही' या तक्रारीचे मूळ बरेचदा इथे निघते.

आता फंक-ओडीबीसी. याची साखळी लांब आहे: अ‍ॅस्टेरिस्क, त्याचे रेस-ओडीबीसी मॉड्यूल, खाली युनिक्सओडीबीसी (ओडीबीसी म्हणजे कोणत्याही डेटाबेसशी बोलण्याची सामाईक पद्धत), त्याखाली मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसचा ड्रायव्हर, आणि शेवटी डेटाबेस. कडी कुठेही निसटू शकते, म्हणून अ‍ॅस्टेरिस्कला हात लावण्याआधी युनिक्सओडीबीसीबरोबर येणाऱ्या आयएसक्यूएल या कमांडने जोडणी तपासावी. ती तिथे लागत नसेल तर अ‍ॅस्टेरिस्कच्या लॉगमध्ये डोके घालण्यात अर्थ नाही. जोडणी लागली की फंक-ओडीबीसीच्या कॉन्फ फाइलमध्ये एक विभाग लिहायचा: कोणते कनेक्शन, आणि रीडएसक्यूएलपुढे सिलेक्ट क्वेरी. विभागाला दिलेल्या नावाच्या सुरुवातीला ओडीबीसी आणि अंडरस्कोर लागून डायलप्लॅनचे एक नवे फंक्शन तयार होते. ते बाकीच्या फंक्शनांसारखेच वापरायचे. नंबर दिला की एक्स्टेन्शन हाती येते. लिहिण्यासाठी राइटएसक्यूएल आहे. एकाहून जास्त ओळी हव्या असतील तर मल्टिरो मोड आहे, पण त्याची गरज भासू लागली की आपण चुकीच्या हत्याराकडे तर वळलो नाही ना, हे एकदा स्वतःला विचारावे.

या मार्गाचे बळ कनेक्शनमध्ये आहे. ते अ‍ॅस्टेरिस्क स्वतः उघडे ठेवतो. दर कॉलला नवा लॉगिन नाही, नवी प्रोसेस नाही. पण इथेच एक खाचही आहे. हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये रेस-ओडीबीसीच्या मॅक्स-कनेक्शन्सचे मूळ मूल्य १ आहे. म्हणजे ती ओळ लिहिलीच नाही तर सगळे कॉल एकाच कनेक्शनपुढे रांग लावतात. चाचणीत एक-दोन फोन केले तर काही जाणवत नाही. सोमवारी सकाळी सगळे एकदम फोन करतात तेव्हा जाणवते, आणि दोष डेटाबेसच्या माथी मारला जातो.

एजीआयची तऱ्हा वेगळी. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली अ‍ॅस्टेरिस्क लिहायला घेतला तो वेब सर्व्हरवरच्या सीजीआय स्क्रिप्टांचा (दर मागणीला सर्व्हरने सुरू करायच्या बाहेरच्या प्रोग्रामांचा) जमाना होता, आणि एजीआयचे नाव आणि घडण दोन्ही त्याच वळणाची आहेत. डायलप्लॅनमध्ये एजीआयची ओळ आली की अ‍ॅस्टेरिस्क तुमची स्क्रिप्ट स्वतंत्र प्रोसेस म्हणून सुरू करतो. तिच्या स्टँडर्ड इनपुटवर चॅनेलचे नाव, कॉलर आयडी, डायल केलेला नंबर वगैरे माहिती ओळीओळीने पाठवतो आणि एक रिकामी ओळ देऊन थांबतो. त्यानंतर स्क्रिप्टने स्टँडर्ड आउटपुटवर आज्ञा लिहायच्या: ही ध्वनिफीत वाजव, आकडे घे, अमुक व्हेरिएबलमध्ये तमुक भर. प्रत्येक आज्ञेला उत्तर येते. सगळे ठीक असेल तर त्याची सुरुवात २०० ने होते, आज्ञा कळली नाही तर ५१० ने.

म्हणजे स्टँडर्ड आउटपुट हीच अ‍ॅस्टेरिस्कशी बोलण्याची वाट आहे. पीएचपीने तिथे एखादी वॉर्निंग छापली की अ‍ॅस्टेरिस्क तीही आज्ञा समजून वाचतो, उत्तरादाखल ५१० येतो, आणि त्यापुढचे प्रत्येक उत्तर एका पायरीने सरकते. पायथनमध्ये आउटपुट बफरमध्ये अडकून राहतो. फ्लश केले नाही (लगेच बाहेर ढकलले नाही) तर स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहते, अ‍ॅस्टेरिस्क आज्ञेची, आणि मध्ये शेतकरी शांतता ऐकत बसतो. कमांड लाइनवर रूट म्हणून छान चाललेली स्क्रिप्ट कॉलवर गप्प बसते, कारण तिथे ती अ‍ॅस्टेरिस्क नावाच्या युजरखाली चालते आणि त्याला फाइल चालवायची परवानगीच नसते. यातले काहीही फंक-ओडीबीसीत घडू शकत नाही.

'एजीआय हळू आहे' हे वाक्य सर्रास ऐकू येते, पण ते अर्धवट आहे. क्वेरी दोन्हीकडे तीच, डेटाबेस तोच. महाग पडते ते दर कॉलला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) उठवणे आणि नवे कनेक्शन उघडणे. त्यातच कोणी स्क्रिप्टच्या आतूनच डायल करतो, आणि मग संभाषण संपेपर्यंत ती प्रोसेस मेमरी अडवून बसते. पन्नास कॉल चालू असतील तर पन्नास पीएचपी प्रोसेस, सगळ्या रिकामटेकड्या, आणि आळसाने कनेक्शन बंद केले नसेल तर पन्नास डेटाबेस कनेक्शनेसुद्धा. स्क्रिप्टने उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवून बाहेर पडावे आणि डायल डायलप्लॅनने करावे, एवढी शिस्त पाळली तरी निम्मे गाऱ्हाणे मिटते.

उरलेले गाऱ्हाणे फास्टएजीआयने मिटते. संवाद तोच, पण स्टँडर्ड इनपुट-आउटपुटऐवजी टीसीपीवरून, ठरीव पोर्ट ४५७३. तुमचा प्रोग्राम सर्व्हरसारखा सतत चालू राहतो, वेगळ्या मशीनवरही चालतो, आणि कनेक्शनांचा साठा स्वतः सांभाळतो. नव्याने कोणी एजीआय लिहिणार असेल तर सरळ फास्टएजीआयच लिहावा असे माझे मत आहे. साधा एजीआय फार तर प्रयोगासाठी ठीक.

मग नाशिकच्या कंपनीने काय करावे? नंबर द्या, एक्स्टेन्शन घ्या, एवढेच काम असेल तर फंक-ओडीबीसी, डोळे झाकून. पण उद्या मालक म्हणाले, 'प्रतिनिधी रजेवर असेल तर शेजारच्या तालुक्याचा द्या, आणि ग्राहकाचे बिल थकले असेल तर आधी हिशेबवाल्यांकडे', तरी बरेचसे क्वेरीतच बसते. टेबलांचे जोड लावता येतात, व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) बांधता येतो. प्रकरण एजीआयकडे सरकते ते बोलणे सुरू झाल्यावर: तक्रार क्रमांक दाबा, चुकला, पुन्हा दाबा, आता दुसऱ्या संस्थेच्या वेब सेवेला विचारा, तिचे उत्तर येईपर्यंत काहीतरी ऐकवा. हे डायलप्लॅनमध्ये लिहिता येते, पण सहा महिन्यांनी ते कोणाला वाचता येणार नाही.

सुरक्षेबाबत दोन्ही मार्ग सारखेच उघडे आहेत आणि बंद करण्याच्या कड्या वेगळ्या. एसआयपी या इंटरनेट-फोनच्या पद्धतीवरून येणारा कॉलर आयडी म्हणजे पलीकडच्याने पाठवलेला मजकूर. त्यात आकडेच असतील असे नाही. तो क्वेरीत जसाच्या तसा चिकटवला तर टेबल गमावण्याची पाळी येऊ शकते. स्क्रिप्टमध्ये उपाय सरळ आहे: क्वेरी आधी तयार करून मूल्ये वेगळी बांधायची. फंक-ओडीबीसीमध्ये एसक्यूएल-एस्क हे फंक्शन आहे, पण ते फक्त एकेरी अवतरणचिन्ह निष्प्रभ करते. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस बॅकस्लॅशलाही मानतो, त्यासाठी वेगळे फंक्शन दिलेले आहे. नंबरच शोधायचा असेल तर सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे फिल्टर फंक्शन लावून शून्य ते नऊ सोडून बाकी सगळे आधीच गाळून टाकणे.

डेटाबेस पडला तर काय, याचा विचार फार थोडे लोक आधी करतात. फंक-ओडीबीसीकडून तेव्हा रिकामे उत्तर येते, आणि रेकॉर्ड नसले तरीही रिकामेच येते. दोन्हींत फरक करायचा असेल तर ओडीबीसी-रोज (किती ओळी मिळाल्या ते सांगणारे) हे व्हेरिएबल पाहावे: ओळ मिळाली नाही तर ०, क्वेरीच फसली तर उणे १. पहिल्या वेळी कॉल नवा ग्राहक म्हणून क्यूमध्ये जावा, दुसऱ्या वेळीही क्यूमध्येच जावा, पण लॉगमध्ये बोंब व्हावी. आणखी एक. रेस-ओडीबीसी फसलेले कनेक्शन काही काळ लक्षात ठेवते, म्हणजे प्रत्येक कॉलवर पुन्हा पुन्हा ताटकळावे लागू नये. नमुना फाइलमध्ये हा काळ ३०० सेकंद दिलेला आहे. डेटाबेस परत उठल्यावरही पाच मिनिटांपर्यंत सगळे कॉल क्यूमध्ये जाताना दिसले तर घाबरू नये. घाई असेल तर हे मूल्य कमी करावे. एजीआयमध्ये असले काही आयते मिळत नाही. कनेक्शनची कालमर्यादा तुम्हीच स्क्रिप्टमध्ये लिहायची, नाहीतर अडकलेली स्क्रिप्ट कॉललाही अडकवून ठेवते. स्क्रिप्ट संपल्यावर एजीआय-स्टेटस तपासून फेल्युअर असेल तर क्यूकडे वळवण्याची ओळ डायलप्लॅनमध्ये हवीच.

या दोघांत कधी कधी रिअलटाइमही मिसळले जाते. तो तिसराच प्रकार आहे: तिथे एक्स्टेन्शने, क्यू, एजंट ही संरचनाच टेबलात राहते आणि अ‍ॅस्टेरिस्क ती फाइलऐवजी तिथून वाचतो. तुमच्या ग्राहकांचे टेबल वाचणे हा त्याचा मूळ हेतू नाही.

चाचणीसाठी दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात. अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर ओडीबीसी रीड ही आज्ञा विभागाचे नाव आणि नंबर देऊन, शेवटी एक्झेक लावून चालवली की खरा कॉल न करता क्वेरीचे उत्तर दिसते. एक्झेक लावले नाही तर नुसती तयार झालेली क्वेरी दिसते, आणि अवतरणचिन्हे कुठे बिघडली ते तिथेच कळते. एजीआयसाठी कन्सोलवर एजीआय सेट डीबग ऑन करावे. अ‍ॅस्टेरिस्क आणि स्क्रिप्ट यांच्यातला एकेक शब्द समोर येतो, आणि मघाची ती पीएचपीची वॉर्निंगही तिथेच सापडते.