शांतता मोहिमांतील भारतीय पोलीस

संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांसाठी भारताने पाठवलेले पोलीस अधिकारी आणि सशस्त्र पोलीस पथके, व त्यांनी युद्धग्रस्त देशांत केलेले काम. भारतीय सैन्याचा या मोहिमांतील सहभाग 1950 च्या दशकापासूनचा आहे; पोलीस त्या मानाने उशिरा गेले. नामिबिया (1989–90) आणि कंबोडिया (1992–93) येथील मोहिमांपासून पुढे बॉस्निया, कोसोव्हो, लायबेरिया, हैती, काँगो, दक्षिण सुदान अशा अनेक देशांत भारतीय पोलिसांनी काम केले. या सगळ्यांत लायबेरियातील महिला पोलीस पथक (2007–2016) सर्वांत जास्त गाजले आणि सर्वांत कमी समजून घेतले गेले. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

युद्धविराम झाला, सैन्याने दोन्ही पक्षांना वेगळे केले, तरी सामान्य माणसाची रात्र सुरक्षित होतेच असे नाही. हत्यारे गावोगाव विखुरलेली असतात. पोलीस ठाणी जळालेली असतात, किंवा ठाण्यात बसलेला माणूसच कालपर्यंत लुटारूंच्या टोळीत असतो. चोरी, बलात्कार, जमिनीचे तंटे, बाजारातली हाणामारी ही सैनिकाची कामे नव्हेत. सैनिकाचे सारे शिक्षण समोर शत्रू आहे असे गृहीत धरून झालेले असते. पोलिसाला गर्दीत शिरून कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवावे लागते. हा फरक संयुक्त राष्ट्रांच्या ध्यानात हळूहळू आला. 1960 च्या काँगो मोहिमेत आणि 1964 पासून सायप्रसमध्ये पोलीस होते, पण थोडे. नामिबियात त्यांची संख्या सुमारे 1,500 वर गेली, कंबोडियात सुमारे 3,600 वर. तिथे त्यांचे मुख्य काम स्थानिक पोलिसांवर लक्ष ठेवणे हे होते. 1999 मध्ये कोसोव्हो आणि पूर्व तिमोर येथे मात्र प्रशासनच संयुक्त राष्ट्रांकडे आले, आणि गुन्हा नोंदवण्यापासून अटक व तपासापर्यंत सगळे परदेशी पोलिसांनाच करावे लागले. शांतता मोहिमांत काय सुधारावे हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या 2000 च्या ब्राहिमी अहवालानंतर यजमान देशाचे पोलीस दल पुन्हा उभे करून देणे हे ध्येय अधिक स्पष्ट झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात स्वतंत्र पोलीस विभाग सुरू झाला.

मोहिमेवर जाणारे पोलीस प्रामुख्याने दोन प्रकारचे. एक, वैयक्तिक नेमणुकीवर जाणारे अधिकारी. त्यांची भाषेची, वाहन चालवण्याची आणि शस्त्र हाताळण्याची परीक्षा होते. बहुतेक मोहिमांत ते निःशस्त्र राहून स्थानिक पोलिसांना सल्ला आणि प्रशिक्षण देतात. दोन, फॉर्म्ड पोलीस युनिट, म्हणजे साधारण 140 जणांचे एकसंध सशस्त्र पथक. एकाच देशाचे, स्वतःची वाहने, स्वयंपाकघर, डॉक्टर, दुरुस्ती कामगार घेऊन येणारे. आपल्याकडच्या वाचकाला राज्य राखीव पोलीस दलाची कंपनी डोळ्यांसमोर आणली की कल्पना येईल: दंगल, मोर्चा, निवडणूक, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचा बंदोबस्त, आणि जिथे स्थानिक ठाणेदार एकटा पडतो तिथे पाठीशी उभे राहणे. अशी पथके प्रथम कोसोव्होत वापरली गेली. दोन्ही प्रकारचे पोलीस आपल्या देशाचाच गणवेश घालतात. निळी टोपी आणि दंडावरची खूण संयुक्त राष्ट्रांची.

भारतात पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे देशाचे असे एकच पोलीस दल नाही. वैयक्तिक नेमणुकीसाठी राज्यांच्या पोलीस दलांतूनही अधिकारी निवडले जातात. पथके मात्र केंद्राच्या सशस्त्र दलांतून जातात. लायबेरियात केंद्रीय राखीव पोलीस दल, हैतीत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, काँगोत सीमा सुरक्षा दल आणि भारत–तिबेट सीमा पोलीस अशी विभागणी झाली. किरण बेदी 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस सल्लागार झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या महिला. जम्मू-काश्मीर पोलिसांतील निरीक्षक शक्ती देवी यांना अफगाणिस्तानातील कामासाठी 2014 चा आंतरराष्ट्रीय महिला पोलीस शांतिरक्षक पुरस्कार मिळाला.

लायबेरियातील पथक

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात 1989 पासून 2003 पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, यादवी चालली. ऑगस्ट 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर सत्तेवरून पायउतार झाले, घानाची राजधानी अक्रा येथे शांतता करार झाला, आणि 19 सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्र. 1509 द्वारे मोहीम मंजूर केली: 15,000 पर्यंत सैनिक आणि 1,115 पर्यंत पोलीस. युद्धात बलात्कार हे हत्यार म्हणून वापरले गेले होते. युद्ध थांबले तरी ते थांबले नाही. जानेवारी 2006 मध्ये एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या, आफ्रिकेतील पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्रप्रमुख. बलात्कारविरोधी कडक कायदाही त्याच वर्षी अमलात आला. कायदा होता, पण तक्रार घेणारा पोलीस कुठे होता? नव्याने भरती झालेले लायबेरियन पोलीस बहुतांशी निःशस्त्र होते. राजधानी मोनरोव्हियात सशस्त्र दरोडे इतके वाढले की 2006 मध्ये नागरिकांनी स्वतःच गस्त घालावी असे सरकारला सुचवावे लागले.

अशा शहरात जानेवारी 2007 च्या अखेरीस केंद्रीय राखीव पोलीस दलाचे महिला पथक उतरले. शांतता मोहिमांच्या इतिहासातले हे पहिले महिला फॉर्म्ड पोलीस युनिट. शंभराहून थोड्या अधिक महिला पोलीस आणि त्यांच्यासोबत चालक, स्वयंपाकी, तंत्रज्ञ अशा कामांसाठी वीसएक पुरुष. पहिल्या पथकप्रमुख सीमा धुंडिया. हे पथक काही अचानक तयार झालेले नव्हते. केंद्रीय राखीव पोलीस दलाने 88 वी महिला बटालियन 1986 मध्येच उभी केली होती, आणि भारतातल्या दंगली, मोर्चे, अशांत भागांतला बंदोबस्त यांचा वीस वर्षांचा अनुभव या दलाजवळ होता. महिलांचे पथक पाठवा असे म्हणणे सोपे, पण 2007 मध्ये प्रशिक्षित शंभर जणी एकदम देऊ शकतील असे देश जगात फार थोडे होते. भारताचे खरे श्रेय इथे आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही.

पथकाचा तळ मोनरोव्हियातील काँगो टाउन भागात होता. दिवसाचे एक काम ठरलेले: राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा. राष्ट्राध्यक्षांच्या मूळ प्रासादाला 26 जुलै 2006 रोजी, स्वातंत्र्यदिनीच, आग लागली होती, त्यामुळे सरलीफ यांचा कारभार परराष्ट्र मंत्रालयाच्या इमारतीतून चाले. दुसरे काम रात्रीचे, आणि तेच अधिक अवघड. लायबेरियन पोलिसांसोबत वस्त्यांतून गस्त. हे शहर रात्री किती अंधारे होते याची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. राजधानीला वीज देणारा माउंट कॉफी जलविद्युत प्रकल्प यादवीत उद्ध्वस्त झाला, तो पुन्हा सुरू झाला डिसेंबर 2016 मध्ये. म्हणजे पथकाची सगळी नऊ वर्षे जनरेटरच्या आणि बॅटरीच्या उजेडात गेली. निःशस्त्र स्थानिक पोलीस पुढे, दार ठोठावणार तो, भाषा कळणार ती त्याला. आणि चार पावलांवर रायफल घेतलेल्या भारतीय पोलीस. दरोडेखोर असला तर त्याला ती रायफल दिसावी, आणि वस्तीतल्या बाईला घरापुढून पोलीस गेल्याचे कळावे, एवढाच या गस्तीचा हेतू. याशिवाय सभा–मोर्चांचा बंदोबस्त होता. 2011 ची निवडणूकही याच काळात पार पडली.

त्यापलीकडची कामे नेमून दिलेली नव्हती, पण ती होत राहिली. शेजारच्या वस्तीला पिण्याचे पाणी देणे, औषधोपचार, शाळेतल्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे, संगणकाचे वर्ग, कुठे भारतीय नृत्य शिकवणे. 2014 मध्ये एबोलाची साथ आली. लायबेरियात तिने सुमारे 4,800 बळी घेतले. त्या दिवसांतही पथक मोनरोव्हियातच होते. दर वर्षाच्या आसपास तुकडी बदलत असे; फेब्रुवारी 2016 मध्ये शेवटची, नववी तुकडी परतली. जून 2016 अखेर देशाच्या सुरक्षेची पूर्ण जबाबदारी लायबेरियन सरकारने घेतली आणि 30 मार्च 2018 ला मोहीमच संपली.

या पथकाचे यश सांगताना एक आकडा नेहमी पुढे केला जातो. लायबेरियाच्या सुरक्षा यंत्रणेत महिलांचे प्रमाण पथक आले तेव्हा सुमारे 6 टक्के होते, ते परतताना 17 टक्के झाले होते. भारतीय पोलिसांना पाहून लायबेरियन मुलींना पोलिसात जावेसे वाटले, असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि सरलीफ यांनीही पथकाला हे श्रेय मोकळ्या मनाने दिले. प्रेरणा खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. पण त्या वाढीमागे इतर कारणेही तितकीच ठळक आहेत. महिला व बालक संरक्षण विभाग लायबेरियन पोलिसांत 2005 मध्येच सुरू झाला होता. महिलांच्या भरतीचे लक्ष्य सरकारने ठरवले होते. युद्धामुळे शाळा सुटलेल्या मुलींकडे भरतीसाठी लागणारे माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी काही महिन्यांचा जलद अभ्यासक्रम काढला गेला. त्यातून भरती वाढली, पण घाईने शिकवलेल्या काही जणींना पुढे अहवाल लिहिणे जड गेले, अशी टीकाही झाली. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, 2003 मध्ये पांढरे कपडे घालून मोनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळ रोज बसणाऱ्या, युद्ध थांबवा म्हणून सत्ताधीशांना धारेवर धरणाऱ्या बायका लायबेरियाच्याच होत्या. त्या आंदोलनाच्या नेत्या लेमा ग्बोवी यांना सरलीफ यांच्यासह 2011 चे शांततेचे नोबेल मिळाले. भारतीय पथक आले ते अशा बायकांच्या देशात. हिंमत बाहेरून आणावी लागली नव्हती.

दुसरी टीका अधिक टोकदार आहे. महिला पोलीस म्हणजे मायाळू, ऐकून घेणाऱ्या, बायकांनी मन मोकळे करावे अशा, ही अपेक्षा मोहिमेच्या प्रसिद्धीत सतत डोकावते. पथकाचे प्रत्यक्ष काम मात्र दंगल नियंत्रण आणि सशस्त्र पाठबळाचे होते. तक्रार नोंदवणे वा तपास करणे हे त्यांच्या अधिकारातच नव्हते. राहणे तळाच्या कुंपणाआड, आणि स्थानिक बोलीही अनोळखी. रात्रभर गस्त घालून आलेल्या शिपायाकडून सकाळी शाळेत वर्ग घेण्याचीही अपेक्षा ठेवायची, ती फक्त ती बाई आहे म्हणून, हे न्यायाचे नाही. पुरुषांच्या पथकाला असे कोणी विचारत नाही. या पथकाचे मोठेपण त्यांच्या बंदोबस्तातच शोधायला हवे: नऊ वर्षे, एका राष्ट्राध्यक्षांच्या दारात आणि एका अंधाऱ्या शहराच्या रस्त्यांवर, त्यांनी पोलिसाचे काम चोख केले.

या उदाहरणाचा परिणाम पुढे दिसला. 2010 च्या भूकंपानंतर बांगलादेशने हैतीत महिला पथक पाठवले. सुरक्षा परिषदेने 2000 मध्ये ठराव क्र. 1325 करून शांततेच्या कामात महिलांचा सहभाग वाढवण्यास सांगितले होते. आता 2028 पर्यंत फॉर्म्ड पोलीस युनिटांत 20 टक्के आणि वैयक्तिक नेमणुकीच्या अधिकाऱ्यांत 30 टक्के महिला असाव्यात असे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. जानेवारी 2023 मध्ये भारताने सुदान–दक्षिण सुदान सीमेवरील अबिये येथे महिलांची तुकडी पाठवली, पण ती सैन्याची.

काँगोतील अनुभव

लोकशाही प्रजासत्ताक काँगोच्या पूर्व भागातील पथकांचे काम लायबेरियाहून निराळे. तिथे युद्ध संपलेले नाही. सशस्त्र टोळ्या गावे जाळतात आणि संयुक्त राष्ट्रांची मोहीम, इतकी वर्षे राहूनही, त्यांना रोखू शकत नाही, हा लोकांचा राग. तो राग जुलै 2022 मध्ये गोमा, बुटेम्बो आणि इतर शहरांत रस्त्यावर आला. 26 जुलैला बुटेम्बोच्या तळावर जमाव चालून गेला. हल्लेखोरांनी काँगोच्या स्थानिक पोलिसांच्या हातातली शस्त्रे हिसकावून घेतली आणि त्याच शस्त्रांनी तळावर गोळ्या झाडल्या. सीमा सुरक्षा दलाचे दोन हवालदार आणि मोरोक्कोचा एक सैनिक त्यात मारले गेले.